नंबर कॉलेजचा, शिक्षण लेकीचं



बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हातात आले, की तालुक्याच्या एसटी स्टँडवरचे फलक बदलतात. बी-बियाण्यांच्या जाहिरातींशेजारी कॉलेजांच्या जाहिराती लागतात. एका फलकावर लिहिलेलं असतं, 'नॅक ए प्लस मानांकन'. दुसऱ्यावर असतं, 'देशात पहिल्या दोनशेत'. तिसऱ्यावर एका मुलाचा मोठा फोटो आणि खाली लाखांचं पॅकेज. आपण बसची वाट बघत ते वाचतो आणि घरी येऊन लेकीला म्हणतो, "अगं, त्या कॉलेजचा नंबर वरचा आहे म्हणे."

आज मला याच नंबरांबद्दल बोलायचं आहे. एक कॉलेज फारच चांगलं आणि दुसरं अगदीच कामचलाऊ असेल, तर प्रश्नच नसतो. अडचण होते ती दोन कॉलेजं सारखीच दिसतात तेव्हा. इकडेही कॉम्प्युटर आहे, तिकडेही आहे. इकडेही वसतिगृह, तिकडेही. फी थोडी इकडे-तिकडे. मग घरात वाद सुरू होतो, आणि तो मिटवायला नंबर पुढे येतो. हा नंबर म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घेऊ.

आपल्याकडे मुख्यतः दोन गोष्टी ऐकू येतात. एक नॅक आणि दुसरी एनआयआरएफ. नॅक ही संस्था १९९४ साली सुरू झाली, तिचं मुख्य कार्यालय बंगळुरूला आहे. ती कॉलेज तपासते आणि श्रेणी देते. ए प्लस प्लस ही सगळ्यात वरची, मग ए प्लस, मग ए, मग बी प्लस प्लस, अशा पायऱ्या आपण आजवर फलकांवर बघत आलो. ही श्रेणी साधारण पाच वर्षांसाठी असते. म्हणून फलकावर श्रेणी दिसली, की ती कोणत्या वर्षी मिळाली हेही विचारायचं. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो ना आपण, तसंच.

आणि ही श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते. बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीचा भाव होतो, तेव्हा व्यापारी सगळा माल बघून बोली लावतो. त्यातला प्रत्येक कांदा सारखा नसतो, हे आपल्याला माहीत असतं. तसंच एखाद्या कॉलेजला ए प्लस असेल, पण तुमची लेक ज्या विभागात जाणार आहे, तिथे शिक्षकांच्या जागा रिकाम्या असू शकतात. इंजिनीअरिंगमध्ये एकेका शाखेची वेगळी तपासणी होते, तिला एनबीए मानांकन म्हणतात. तेव्हा "कॉलेजला एनबीए आहे का" असं विचारू नका. "माझी मुलगी ज्या शाखेत येणार आहे, त्या शाखेला आहे का, आणि कधीपर्यंत आहे" असं विचारा.

दुसरी गोष्ट एनआयआरएफ. ही केंद्र सरकारची क्रमवारी आहे. २०१६ साली पहिली यादी आली. विद्यापीठांची यादी वेगळी, इंजिनीअरिंगची वेगळी, साध्या पदवी कॉलेजांची वेगळी. विद्यापीठांच्या यादीत शंभर गुण कसे वाटलेले आहेत, ते ऐका. शिकवणं आणि त्यासाठीची साधनं यांना ३०. संशोधनाला ३०. मुलं पास होऊन पुढे काय करतात याला २०. मुली, गरीब घरची मुलं, बाहेरगावची मुलं यांना किती सामावून घेतात याला १०. आणि लोकांच्या मनात त्या संस्थेचं नाव काय आहे, याला १०.

आता बघा. संशोधनाचे ३० गुण म्हणजे तिथल्या प्राध्यापकांनी किती लेख छापले, ते इतरांनी किती वापरले, असा हिशोब. पीएचडी करायला जाणाऱ्या मुलीला तो फार कामाचा. पण बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. करून तीन वर्षांत कामाला लागायचं आहे, तिला वर्गात रोज कोण शिकवतं हे जास्त महत्त्वाचं. दोन संस्थांत दहा नंबरांचा फरक असेल, तर तो कुठल्या गुणांमुळे पडला हे फलकावर लिहिलेलं नसतं. तो फरक तुमच्या लेकीच्या वर्गापर्यंत पोचतही नसेल.

आणखी एक बारीक गोष्ट. यादीत पहिले शंभर नंबर असतात आणि मग गट असतात, १०१ ते १५०, १५१ ते २००. या गटातली नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेली असतात. म्हणजे त्या गटात कोण वर आणि कोण खाली, असं काही नसतंच. तरी कुणी सांगेल, "आमचा नंबर एकशे दोन, त्यांचा एकशे अठ्ठेचाळीस." तसं म्हणता येत नाही. दोघांचा गट एकच.

पण यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळी आहे. नंबर काढण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती संस्था स्वतःच भरून देते. यावरून अमेरिकेत काय झालं, ते सांगते, कारण ज्या विद्यापीठात झालं त्याचं नाव आपल्या घराघरात माहीत आहे.

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती दिली होती. १९१५ साली ते तिथून एम.ए. झाले. त्या काळात तिथे आजच्यासारखी क्रमवारी नव्हती. अमेरिकेतली सगळ्यात गाजलेली क्रमवारी, यूएस न्यूज नावाच्या नियतकालिकाची, १९८३ साली सुरू झाली. बाबासाहेबांना तिथे भेटले ते शिक्षक, जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन यांच्यासारखे, आणि भेटलं ते मोठं ग्रंथालय.

क्रमवारी सुरू झाल्यावर तिथल्या बड्या विद्यापीठांत चढाओढ लागली. कोलंबिया वर चढत चढत देशात दुसऱ्या नंबरावर पोचलं. मग २०२२ साली तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकांनी, मायकेल थॅडियस त्यांचं नाव, विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेले आकडे तपासले आणि जाहीरपणे सांगितलं, की हे जुळत नाहीत. एक उदाहरण बघा. वीसपेक्षा कमी मुलं असलेले लहान वर्ग किती, असं विचारलं होतं. विद्यापीठाने सांगितलं होतं, शंभरातले ८२-८३. नीट मोजल्यावर निघाले सत्तावन्नच्या आसपास. विद्यापीठाला चूक मान्य करावी लागली आणि पुढच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या नंबरावरून थेट अठराव्यावर आलं.

मैत्रिणींनो, विचार करा. यादी बदलली म्हणून तिथले शिक्षक बदलले का? ग्रंथालयातली पुस्तकं कमी झाली का? विद्यापीठ होतं तसंच राहिलं. पण ज्या आईबापांनी दुसरा नंबर बघून मुलाला तिथे घातलं होतं, त्यांनी नेमकं काय बघितलं होतं?

एवढ्या मोठ्या विद्यापीठाचं असं होतं, तर आपल्याकडे डोळे उघडे ठेवायलाच हवेत. सगळ्याच संस्था खोटं सांगतात असं मी म्हणत नाही. मेहनत करून चांगली श्रेणी मिळवलेली कॉलेजं पुष्कळ आहेत. श्रेणी चांगली असेल, तर ती जमेची बाजू धरायचीच. पण भाकरी भाजली की नाही, हे शेजारणीला विचारून कळत नाही, तव्याकडे आपणच बघावं लागतं.

आता चढाओढीबद्दल. ती फक्त कॉलेजांची नसते, आपलीही असते. जावेची मुलगी पुण्याला गेली, मग आपली का नको? हळदीकुंकवाला कुणी विचारलं, तर सांगता आलं पाहिजे. कटऑफचंही तसंच आहे. मागच्या वर्षी ते कॉलेज ९२ पर्सेंटाइलला बंद झालं आणि हे ८८ला, म्हणजे ते चांगलं, असं आपण धरतो. कटऑफ म्हणजे गर्दी. किती मुलांनी मागितलं, एवढंच त्यातून कळतं. जिथे एस.टी. भरून येते तिथेच सगळे धावतात. ती बस आपल्या गावाला जाते का, हे पाटी वाचूनच कळतं.

आणि एक बोलायला अवघड, पण बोललंच पाहिजे असं. हाच नंबर घरात मुलासाठी एक अर्थ घेऊन येतो आणि मुलीसाठी दुसरा. मुलासाठी म्हणतात, "कॉलेजचं नाव मोठं आहे, एक एकर गहाण पडलं तरी चालेल." मुलीसाठी म्हणतात, "तेवढं मोठं नाव मिळत नाहीये ना, मग जवळच्याच कॉलेजात जाऊ दे." किंवा, "नंबरातलं कॉलेज नाही मिळालं, मग एवढा खर्च कशाला?" म्हणजे मुलाच्या वेळी नंबर दार उघडतो आणि मुलीच्या वेळी तोच दार लावून घेतो. जवळचं कॉलेज वाईट असतं असं नाही. पुष्कळदा तेच योग्य असतं. पण ते योग्य आहे म्हणून निवडलं, की मुलगी आहे म्हणून निवडलं, हे ज्या घरात आपण निर्णय घेतो, तिथे मोठ्याने विचारायला हवं.

मग दोन सारखी कॉलेजं समोर असताना बघायचं काय?

पहिलं, पदवी कोण देणार. दोन कॉलेजं एकाच विद्यापीठाला संलग्न असतील, समजा दोन्ही शिवाजी विद्यापीठाची किंवा दोन्ही सोलापूर विद्यापीठाची, तर पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव एकच येतं. कॉलेज स्वायत्त नसेल, तर अभ्यासक्रम आणि परीक्षाही एकच. मग दोघांच्या नंबराचा फरक कागदावर उरतच नाही, उरतो तो शिकवण्यात आणि सोयीत. स्वायत्त कॉलेज असेल, तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची स्वतःची असते. अभिमत किंवा खासगी विद्यापीठ असेल, तर पदवीही त्यांचीच, आणि फीचे नियमही वेगळे. एखादं नाव कधी ऐकलंच नसेल, तर यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करते, ती मुलीला मोबाइलवर बघायला सांगा.

दुसरं, पैसे. इथे नीट ऐका. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. इतर मागासवर्ग, सामाजिक आणि शैक्षणिक मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींसाठी ही सवलत आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधीच्या योजना आहेतच. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला, तर ही सवलत नाही. खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. म्हणजे दोन सारख्या संस्थांपैकी एकीत फी माफ आणि दुसरीत वर्षाला लाखाच्या घरात, असं होऊ शकतं. नंबराच्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे. मात्र वसतिगृह, खानावळ, बस, पुस्तकं यांचा खर्च माफ नसतो. तो वेगळा लिहून मागा. आणि पावती न देता कुणी देणगी मागितली, तर लक्षात ठेवा, अशी देणगी घ्यायला आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

तिसरं, मुलांचं पुढे काय होतं. फलकावरचं मोठं पॅकेज एका मुलाचं असतं. आपण विचारायचं, "मागच्या वर्षी या शाखेत किती मुलं होती, त्यातली किती वेळेत पास झाली, किती जणांना काम लागलं, आणि मधला पगार किती?" मधला म्हणजे काय? पंचवीस मुलींना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं, तर तेराव्या मुलीचा जो पगार, तो मधला. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थेला ही माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. तेव्हा "सांगता येणार नाही" असं उत्तर आलं, तर मुलीला वेबसाइट उघडायला सांगा.

चौथं, मुलीचा रोजचा दिवस. शेवटचं प्रात्यक्षिक किती वाजता सुटतं आणि शेवटची एसटी किती वाजता निघते? वसतिगृह कॉलेजच्या आवारात आहे, की दोन किलोमीटरवर? संडास-बाथरूमला पाणी आहे का? तक्रार करायला अंतर्गत समिती आहे का, आणि तिच्या सदस्यांची नावं, फोन नंबर भिंतीवर लावलेले आहेत का? २०१३ च्या कायद्याने ही समिती असायलाच हवी. यातलं काही कुठल्याच क्रमवारीत ठळकपणे येत नाही. पण मुली शिक्षण सोडून घरी येतात, त्या कधीकधी असल्याही कारणांनी.

आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, सातवी शिकलेल्या. त्यांच्या मुलीपुढे अशीच दोन कॉलेजं होती, एकाच विद्यापीठाची, शाखाही तीच. एकाची श्रेणी थोडी वरची. ताई गटातल्या दोघींना घेऊन दोन्हीकडे जाऊन आल्या. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीचं अर्धं तिकीट आहे, तेवढाच खर्च. त्यांनी ऑफिसात फार वेळ घालवला नाही. दुपारी डबा खात बसलेल्या मुलींजवळ जाऊन बसल्या आणि विचारलं, "सर रोज येतात का? प्रॅक्टिकल खरंच होतं, की वहीतच होतं? घरी जायला उशीर होतो का?" मुलींनी सगळं सांगितलं. शेवटी ताईंच्या मुलीने वरच्या श्रेणीचंच कॉलेज घेतलं. पण कारण श्रेणी नव्हतं. तिथलं वसतिगृह आवारात होतं आणि संध्याकाळी सातपर्यंत लॅब उघडी असायची. घरी कॉम्प्युटर नसलेल्या मुलीला ते दोन तास फार मोलाचे. उद्या कॉलेजचा नंबर घसरला, तरी तिच्या निवडीचं कारण जागच्या जागी राहील.

पाचवं आणि शेवटचं, फॉर्म. कॅपमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं, तर तेच पक्कं होतं, मग "दुसरं बघू" म्हणता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत तेच लिहायचं, जे मुलीला खरोखर हवं आहे. हा फॉर्म सायबर कॅफेवाल्या दादाच्या मनाने भरू देऊ नका. चुलत्याच्या नाही आणि आपल्याही मनाने नाही. मुलीने आधी वहीत क्रम लिहावा, प्रत्येक नावापुढे एक कारण लिहावं, मग फॉर्म भरावा. मोबाइलवर येणारा ओटीपी आणि पासवर्ड तिच्याकडेच असू द्या. आणि प्रवेश घेताना मूळ कागदपत्रं तपासून परत घ्या. ती कॉलेजने अडकवून ठेवू नयेत, असा यूजीसीचा स्पष्ट आदेश आहे.

आता गटासाठी एक काम सांगते. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की दहा मिनिटं यासाठी काढा. गावातल्या कोणत्या मुली कुठे शिकतात, त्यांची यादी करा. सुट्टीत त्या घरी आल्या, की त्यांना बैठकीला बोलवा आणि आज सांगितलेले प्रश्न विचारा. एका वहीत लिहून ठेवा. फी किती, बस किती वाजता, शिक्षक किती, वसतिगृह कसं. दोन-तीन वर्षांत गावाची स्वतःची यादी तयार होईल. तिच्यात पहिला, दुसरा असे नंबर नसले तरी चालेल. कोणत्या मुलीला काय जमलं आणि काय नडलं, एवढं असलं म्हणजे पुढच्या आईचं काम सोपं होईल.

आणि ज्यांच्या लेकीचे गुण यंदा कमी पडले, त्यांना एवढंच सांगते, यादीत नसलेल्या कॉलेजातही मन लावून शिकवणारे शिक्षक असतात. ते कुठे आहेत, हे शोधायला मात्र आपल्याला घराबाहेर पडावं लागेल. दोघी-तिघी मिळून जा, लेकीला बरोबर घ्या, आणि प्रश्न विचारताना संकोच करू नका. फी आपण भरणार आहोत, चार वर्षं तिची जाणार आहेत.